वाटपातलं रडू

जळगावात आता भर बाजारात कुणी रडत असलं तरी कुणी वळून बघत नाही. फार तर पानवाला विचारतो, ‘‘घरचं का वाटपातलं?’’

‘‘वाटपातलं,’’ माणूस डोळे पुसत सांगतो.

‘‘कुणाचं?’’

‘‘काय माहीत भो. कुण्या पोरीचं असेल. कालपासून एका मांजरीची फार आठवण येतेय. मला तर मांजरं आवडतसुद्धा नाहीत.’’

मग पानवाला एक लवंग जास्त टाकतो. शहरातली सहानुभूती आता साधारण एवढीच लागते.

प्रभाकर नेहेते मात्र त्या टपरीवरून जाताना नजर खाली घालत. त्यांचं रडू घरचं होतं, आणि घरचं रडू आता गावात चलनातून गेल्यासारखं झालं होतं. ते खोटं आहे असं कुणी म्हणत नव्हतं, पण घेतही कुणी नव्हतं.

हे सगळं सुरू झालं ते तरुण पोरांसाठी. एक काळ असा होता की राज्यातली पोरं विशीतच आतून मोडत होती आणि सरकार त्याबद्दल अत्यंत गंभीर होतं. गंभीर म्हणजे समिती नेमली होती. समितीच्या शिफारशीवरून प्रत्येक तालुक्याला एक समुपदेशक मिळाला. निवडणुकीची कामं आणि पशुगणना आटोपून उरलेल्या वेळात त्याने तरुणांची मनं बघायची होती. मदतीसाठी एक फोन नंबर होता. तो लावला की बासरी वाजायची. बासरी चांगली होती, पण पलीकडून कुणी बोलत नसे. कॉलेजांच्या भिंतींवर ‘हसत राहा’ अशा पाट्या लागल्या. पोरं पाटी वाचून वर्गात जात आणि बाकावर डोकं ठेवत.

मग डॉ. रेवती अत्तरदे यांनी ओढ मोजली.

त्यांचा शोध समजायला तसा सोपा होता. आपण समजतो की आठवण आली म्हणून रडू आलं. डॉक्टर म्हणाल्या, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आठवण मेंदूत एका जागी असते आणि त्या आठवणीकडे आपल्याला खेचणारे धागे दुसऱ्या जागी असतात. आठवण म्हणजे गाय आणि ओढ म्हणजे तिचं दावं. दावं सोडता येतं आणि गाय जिथल्या तिथे राहते; फार तर दाव्याला तिचा थोडा वास, थोडा आवाज चिकटून येतो. अडचण एकच होती. सोडलेला धागा मोकळा राहत नाही. तो दुसऱ्या मनाला बांधला नाही, तर उलटून मूळ माणसावरच बसतो, आणि पहिल्यापेक्षा जोरात बसतो. थोडक्यात, दुःख नाहीसं होत नाही, त्याची बदली तेवढी होते. ज्या राज्यात सगळ्याचीच बदली होत आली, तिथे हा सिद्धान्त लोकांना लगेच पटला.

एका मनावर जे बसलं तर माणूस उठत नाही, ते साठसत्तर मनांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला दातात अडकलेल्या बडीशेपेएवढं येतं. यावर ‘युवा मनोभार समविभाजन योजना’ उभी राहिली. चाळिशीपुढच्या नागरिकांनी एकेक वाटा घ्यायचा. त्यासाठी डोक्यावर एक कडं ठेवून अर्धा तास बसावं लागे. डोक्यावर हंडा घेताना बायका ठेवत त्या चुंबळीसारखंच ते दिसे, म्हणून लोक त्याला चुंबळच म्हणू लागले. वाटा घेणाऱ्यांना शासनाने ‘मनःसहभागी’ असं भारदस्त नाव दिलं होतं. गावाने त्यांना खांदेकरी करून टाकलं. तिरडीला खांदा देणाऱ्यांचं नाव जिवंत पोरांसाठी वापरणं बरं दिसत नाही, असं परिपत्रक निघालं. तेही खांदेकऱ्यांनीच वाचलं.

आणि गंमत म्हणजे योजना चालली. खरोखर चालली. पोरं जगली, जेवू लागली, परीक्षेला बसू लागली. नापाससुद्धा हसतखेळत होऊ लागली. हे सरकारने केलं यावर विरोधी पक्षाचाच काय, सरकारचाही विश्वास बसेना.

नेहेत्यांची स्वानंदी त्याच योजनेने वाचली होती.

नेहेत्यांचा मंडप डेकोरेशनचा धंदा. बायको पोरं लहान असतानाच गेली. शर्विल थोरला, स्वानंदी धाकटी. शर्विल शिडीवर चढून छताचं कापड बांधायचा आणि बांधताना शिट्टी वाजवायचा. शिट्टी इतकी बेसूर असे की एकदा वरपक्षाने बँडवाल्यांकडे तक्रार केली होती. बाविसाव्या वर्षी डेंग्यूने तो चार दिवसांत गेला. पुढल्या महिन्यात स्वानंदीने आधी जेवण सोडलं, मग बोलणं सोडलं. एका संध्याकाळी ती गच्चीच्या कठड्याशी फार वेळ उभी दिसली, तेव्हा नेहेते तिला रिक्षात घालून केंद्रावर घेऊन गेले. आठवड्याभरात पोरीने भाकरी मागितली. त्या दिवशी नेहेत्यांनी डॉ. अत्तरदेंच्या पायावर डोकं ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं.

आता तेच नेहेते त्यांच्यासमोर बसले होते, आणि काय मागायला आलोय हे सांगायची त्यांना लाज वाटत होती.

‘‘पोरगी बरी आहे ना काका?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘उत्तम आहे. तेच सांगायला आलो. फार उत्तम आहे.’’

‘‘मग?’’

‘‘परवा शरूचा फोटो पुसत होतो. म्हटलं, नंदी, बघ तुझा दादा. तर म्हणाली, ‘छान दिसायचा, नाही?’ असं, मॅडम... जसं सिनेमातल्या हिरोबद्दल म्हणतात. तिला सगळं आठवतं. त्याचा बुटाचा नंबर आठवतो. पण तिला तो...’’ नेहेत्यांनी बोटं हवेत मिटली. ‘‘तिला तो लागत नाही.’’

‘‘ओढ नाही तिच्याकडे. आपणच काढली.’’

‘‘थोडी परत द्या,’’ नेहेते एकदम म्हणाले. ‘‘सगळी नको. चमचाभर. घरात दोन माणसं आहेत मॅडम, आणि मी एकटाच वाट बघतो. ती समोर बसून मटार सोलते.’’

डॉक्टरांनी चष्मा काढला. ‘‘चमचाभर येत नाही काका. सगळे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. एक ओढला की सगळे येतात. होती तशीच येईल ती.’’

‘‘म्हणजे कठड्याशी.’’

‘‘कदाचित. या वेळी आपण सावध असू. वर्षाच्या आत मागितलं तर परत आणता येतं, म्हणजे या महिन्यापर्यंत. ती सज्ञान आहे, तिने हो म्हणायला हवं. पण एक सांगते. तुम्ही विचारलंत तर ती हो म्हणेल. सगळी पोरं म्हणतात. त्या दिवसांची भीतीही त्या ओढीबरोबरच गेलेली असते. तेव्हा विचारणं म्हणजेच करणं, असं धरून चला.’’

‘‘मग माझं? माझं कुणाला वाटून द्या.’’

‘‘योजना पंचविशीच्या आतल्यांसाठी आहे.’’

‘‘निदान तिचा एक वाटा मला?’’

‘‘घरच्यांना देत नाही. आधीच ओढ असते, तिच्यावर दुसरी बसली की गाठ पडते. आणि वाटे कुणाकडे आहेत हे मलाही माहीत नसतं. ओझं जातं काका, पत्ता जात नाही.’’

नेहेते उठले. दारात थांबून म्हणाले, ‘‘तुम्ही चांगलंच काम केलंत, मॅडम.’’

‘‘हो,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘सगळे असंच सांगून जातात. दारात थांबून.’’

घरी येईतो त्यांचा निश्चय झाला होता. आज विचारायचं. थंडी पडली होती, मोठाली हिरवी वांगी बाजारात आली होती. गोडाऊनमागच्या मोकळ्या जागेत त्यांनी कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या आणि त्यात वांगी भाजायला टाकली. भरीत खाता खाता माणूस कशालाही हो म्हणतो, असा खानदेशातला अनुभव आहे. कित्येक सोयरिकी अशाच जुळलेल्या आहेत.

धूर चांगला वर चढला तोच फाटकातून एक गृहस्थ आत आले. पासष्टीचे, जाडेसे, पांढरा शर्ट, हातात एसटीच्या प्रवासाने मळलेली पिशवी. ते त्या धुराजवळ येऊन उभे राहिले, त्यांनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला आणि हुंदका दिला.

‘‘डोळ्यांत गेला का धूर? इकडून या,’’ नेहेते म्हणाले.

‘‘हाच तो,’’ पाहुणे म्हणाले. ‘‘देवा रे, हाच.’’

नेहेत्यांनी त्यांना पाणी दिलं. गृहस्थ सतरंजीवर टेकले. अनंत पेडणेकर, मुक्काम वेंगुर्ला, बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त. एकटे. लग्न करायचं राहून गेलं होतं.

‘‘वर्ष होत आलं,’’ पेडणेकर सांगू लागले. ‘‘चुंबळ घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून नाकात धूर. लाकडाचा नाही, गवताचा नाही. आमच्या गावात जळण्यासारखं जे जे होतं ते मी जाळून बघितलं. शेजारी म्हणाले, पेडणेकर गेलो कामातून! शेवटी बाजारात एक तुमच्याकडचा व्यापारी भेटला. तो म्हणाला, कपाशीच्या काड्या असतील, जळगावला जा. तसा आलो. आणि एक शिट्टी ऐकू येते हो. उंचावरून. अगदी फालतू शिट्टी. शिडीवर कोण चढतं? म्हटलं, मंडपवाले. तीन दुकानांत विचारलं, तुमच्याकडे बेसूर शिट्टी वाजवणारा मुलगा आहे का? तिसऱ्याने हातातली दोरी खाली ठेवली. मग म्हणाला, आमच्याकडे नाही. नेहेत्यांकडे होता.’’

डॉक्टरांचं म्हणणं तसं खरंच होतं. पत्ता गेला नव्हता. धूर गेला होता.

नेहेत्यांनी खिशातून शर्विलचा फोटो काढून पुढे केला. पेडणेकरांनी तो दोन्ही हातांत धरला. त्यांचा चेहरा लहान झाला. पासष्ट वर्षांचा तो माणूस ओठ काढून, रुसल्या आवाजात फोटोला म्हणाला, ‘‘दादा, मला न सांगता कसा रे गेलास?’’

तो आवाज वेंगुर्ल्याचा नव्हता. शर्विल तिला सोडून क्रिकेटला गेला की फाटकाशी उभी राहून फ्रॉकमधली नंदी नेमकी याच सुरात ओरडायची. वर्षभर ते जे घरात शोधत होते, ते एसटीने दोन गाड्या बदलून आलं होतं.

मग जे सुरू झालं त्याला गप्पाच म्हटलं पाहिजे. पेडणेकरांकडे ओढ होती आणि नेहेत्यांकडे गोष्टी. एकाचं दुसऱ्यावाचून अडलं होतं. नेहेते सांगायचे, हसून झालं की त्याला उचकी लागायची. पेडणेकर म्हणायचे, ‘‘लागायचीच! बघा, मला हेच कळत नव्हतं, उचकी ऐकली की माझ्या पोटात का तुटतं.’’ दोघं हसले, दोघं रडले, एक वांगं जळून कोळसा झालं. वर्षभरात पहिल्यांदाच नेहेत्यांना भूक लागल्यासारखं वाटलं.

मध्येच पेडणेकर खाली बघून म्हणाले, ‘‘एक विचारू? राग मानू नका. वर्षाच्या आत परत मागता येतं म्हणतात.’’

‘‘येतं.’’

‘‘तुम्ही मागणार?’’

नेहेत्यांनी एक वांगं उलटवलं.

‘‘तुमचा हक्कच आहे म्हणा. पण... माका कधी कोणाची वाट बघायची पाळीच आली नाही हो. आता संध्याकाळी पायरीवर बसतो. तो येणार नाही हे मला ठाऊक आहे. पण बसायला काहीतरी आहे. परत गेलं, तर माझा दादा पुन्हा जाईल.’’

नेहेत्यांनी वांगी सोलायला घेतली.

तेवढ्यात स्वानंदी कॉलेजातून आली. सायकल भिंतीला लावून, ओढणी कमरेला खोचून तिने परातीतली वांगी बापाच्या हातून काढून घेतली. ‘‘व्वा, भरीत! बाबा, तुम्ही मिरच्या कमीच टाकता, द्या इकडे. हे काका कोण?’’

‘‘वेंगुर्ल्याचे आहेत,’’ नेहेते म्हणाले. ‘‘शरूला... ओळखतात.’’

‘‘हो का?’’ ती पेडणेकरांकडे बघून छान हसली. ‘‘दादाला काड्यांवरचंच भरीत लागायचं. गॅसवरचं केलं की ताट सरकवायचा.’’ आणि वांगी ठेचायला लागली. सांगितलेलं सगळं अचूक होतं. पेडणेकरांनी तोंडाला रुमाल लावला.

ठेचता ठेचता तिचा हात मंदावला. तिने बापाचे सुजलेले डोळे बघितले, पाहुण्यांचे बघितले. दोघांच्या मध्ये सतरंजीवर फोटो होता. जत्रेत हात सुटलेलं पोर दुसऱ्यांच्या आईबापांकडे बघतं, तसं ती त्या दोघांकडे बघत राहिली.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही दोघं आत्ता जिथे होतात ना, तिथे मला येता येत नाही.’’

नेहेत्यांच्या जिभेवर प्रश्न आला. दिवसभर घोळवलेला, तयार. फक्त विचारायचं होतं. ती हो म्हणाली असती. तिच्या गळ्याजवळच्या हाडावर आता कुठे मांस धरलं होतं, तिकडे त्यांचं लक्ष गेलं.

‘‘दमली असशील. पानं घे,’’ ते म्हणाले.

ती हलली नाही. ‘‘एकच सांगा. मला दादा आवडायचा का?’’

‘‘हो.’’

‘‘खूप?’’

नेहेत्यांनी तोंड उघडलं, पण हे त्यांना कसं माहीत असणार? पोरीच्या मनातलं बापाने कधी मोजलेलं असतं? त्यांनी पेडणेकरांकडे बघितलं.

पेडणेकरांनी हात छातीवर ठेवला. आत खिशात काही आहे का, ते चाचपावं तसा. आणि ते त्या मुलीला म्हणाले, ‘‘खूप गो बाय. तुला काय सांगू. खूप.’’

‘‘असं होय,’’ त्या छातीवरच्या हाताकडे बघत स्वानंदी म्हणाली. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. तिने पानं मांडली, भरीत वाढलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या ठेवल्या, आणि बापाशेजारची आपली जागा सोडून ती त्या परक्या माणसाच्या समोर मांडी घालून बसली.

‘‘अजून सांगा ना काका,’’ ती म्हणाली. ‘‘मला अजून काय काय वाटायचं?’’