रिकाम्या टेबलावरची सोनोग्राफी

कुणाला पटो न पटो, मी पाहिलं तेच लिहितेय.

गेल्या रमजानमधली दुपार. चिखलीतलं एक छोटं सोनोग्राफी सेंटर. मी आरफा, तिथं डॉक्टर स्वरूपा मॅडमच्या हाताखाली काम करते.

आमच्या मशीनवर नवीन सॉफ्टवेअर बसवलंय. मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेच्या शिरेत कॅल्शियम साचलेलं दिसलं की ते आपोआप तिथं पिवळी चौकट काढतं.

माझ्या अब्बूंना मॅडमनीच तपासलं, तेव्हा त्यांच्या मानेत अशा बऱ्याच चौकटी आल्या होत्या. ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधीच गॅरेजमध्ये गाडीखाली काम करताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. दवाखान्यात ते माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवायचे...

आणि गेले.

मी रडले नाही. कामावर परत आले.

त्या दुपारी सगळे जेवायला गेले होते. माझा रोजा होता, म्हणून मी तपासणीच्या खोलीतच बसले. टेबल रिकामं. मानेवर फिरवायचा प्रोब हुकाला लटकलेला.

आणि मशीनमधून आवाज आला...

हुश्श... हुश्श... हुश्श...

शिरेतून रक्त वाहताना येतो, तो आवाज.

पडद्यावर मानेची शीर दिसत होती. एक पिवळी चौकट उमटली. मग शेजारी दुसरी. मग आणखी...

अब्बूंची शीर मी ओळखते.

वाटलं, जुनं चित्र उघडलं असेल. तेवढ्यात शीर वरखाली झाली. पेशंट आवंढा गिळतो तेव्हा होते, तशी.

जुनं चित्र आवंढा गिळत नाही.

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

मॅडम आत आल्या.

"कुणाला घेतलंस गं आत?"

"कुणाला नाही, मॅडम."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. मग पडद्याकडे. त्यांनीही ती शीर ओळखली.

चित्र आता थरथरत होतं. पेशंट बोलायला लागला की अस्संच होतं. मग मॅडम प्रत्येकाला जे सांगतात, ते सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"चाचा, बोलू नका."

चित्र स्थिर झालं...

चौकटी गेल्या. आवाज थांबला. पडदा काळा.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर कंपनीचे दिग्विजय येऊन सगळं तपासून गेले. "ताई, काल दुपारी मशीन सुरूच झालेलं दिसत नाही," म्हणाले.

अम्मीला मी अजून सांगितलेलं नाही.

मॅडम आता कुठल्याच पेशंटला गप्प करत नाहीत. बोलू देतात, मग तपासतात.

त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्या दुपारी त्या आणखी थोडा वेळ जेवत बसल्या असत्या तर...