शिवडीच्या चिखलात सत्त्याण्णव

शिवडीच्या चिखलात, काठापासून तीनशे पावलांवर, एक फ्लेमिंगो तुटक्या जाळ्यात अडकला होता. भरतीचं पाणी चढायच्या आत त्याला सोडवायचं होतं! वनखात्याची गाडी ट्रॅफिकमध्ये होती. भरती काही ट्रॅफिकमध्ये अडकत नाही. म्हणून तिघं निघाले: परळच्या एका लॅबमध्ये रक्त तपासणारी वैशाली, गोदामातून मालाच्या गाड्या सोडणारा तिचा थोरला भाऊ धम्मपाल, आणि दुर्बीण घेऊन पक्ष्यांमागे हिंडणारा शेजारचा विनीत. बरोबर एक रुंद फळी, दोर आणि कात्री.

वैशालीला काळजी होती ती विनीतची: त्याला दमा होता, आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर कायम त्याच्या खिशात असायचा. धम्मपाल म्हणजे पोती उचलणारा गडी, फळी त्यानेच ओढायची हे ठरवावंही लागलं नाही.

चिखल गुडघ्यापर्यंत पाय गिळत होता आणि सोडताना असा आवाज करत होता की विनीतला हसू आवरेना. शंभर पावलं. दोनशे. धम्मपाल थांबला. पुन्हा थांबला. छातीचा नुसता भाता झाला होता! आणखी पन्नास पावलांवर तो मांडीपर्यंत रुतला.

"दादा, काय झालं रे?"

"काय नाय... जरा दम लागला."

विनीतने लगेच खिशातला ऑक्सिमीटर काढून त्याच्या बोटाला लावला. "सत्त्याण्णव! एकदम ओके आहे यार!"

मग हा बैल धापा का टाकतोय? वैशालीने त्याची बाही वर सारली. कोपराच्या आत गोल चिकटपट्टी!

"काल जयंतीच्या शिबिरात रक्त दिलंस?"

"दरवर्षी देतो ना!"

"आणि मला बोलला नाहीस?"

"तू येऊ दिलं नसतंस."

तिला त्याचा भयंकर राग आला आणि भीतीही वाटली. "अरे, रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे तुझ्या गाड्या. छातीत ऑक्सिजन भरायचा, पायात उतरवायचा, परत फिरायचं. हा आकडा सांगतो गाड्या किती भरल्यात. गाड्या आहेत किती, ते नाही सांगत! काल त्यातल्या बाटलीभर देऊन आलास, आणि आज पाय दुप्पट माल मागतायत."

पाणी चिखलावर वीतभर चढलं होतं. धम्मपालला एकटं मागे पाठवणं शक्य नव्हतं, आणि पक्षी पन्नास पावलांवर मान उंच करून धडपडत होता.

"फळीवर आडवा हो!" वैशाली ओरडली. "पायांनी काही मागायचंच नाही. फक्त हात चालव!"

दोघांनी हातांनी चिखल उपसून त्याला ओढून वर घेतलं. पाणी फळीखाली शिरलं. फळी तरंगली! ढकल! अजून! धम्मपालने पालथ्या पालथ्याच आपला शर्ट पक्ष्याच्या डोक्यावर टाकला आणि पंख घट्ट धरले. वैशालीची कात्री चालली. एक धागा. दुसरा. सुटला! शर्ट काढताच तो पाण्यावरून धावत सुटला आणि उडाला!

मग ज्या भरतीची इतकी धास्ती होती तिनेच फळी काठाकडे लोटली. कमरेएवढ्या पाण्यात वैशाली आणि विनीत फळीला धरून चालत होते, आणि धम्मपालचा श्वास हळूहळू ताळ्यावर येत होता.

काठावर साखरपाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "माझ्या गाड्या परत कधी येणार गं?"

"महिनाभर तरी लागेल."

"आणि दिल्या त्या?"

"आज-उद्या लागतील कुणाच्या तरी अंगात रूटला. दम लागलेला माणूस असेल बघ, तुझ्यासारखाच."

धम्मपालने कोपरावरची ओली पट्टी बोटाने नीट दाबून बसवली.

"मग पुढच्या वर्षी पण देणार," तो म्हणाला.

"दे ना," वैशाली म्हणाली. "पण दुसऱ्या दिवशी फळी मी ओढणार!"