ताईच्या नावापुढचा हिरवा ठिपका

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या घरात, रविवारी भर दुपारी घडलेली, त्याच्याच तोंडून ऐकलेली गोष्ट आहे. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारी कोणीतरी गाडी धूत होतं.

म्हणूनच जास्त भीती वाटते.

भाऊ सुतारकाम करतो. वहिनी त्याला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून 'मिस्त्री' म्हणायची. चारचौघांतसुद्धा. आईने एकदा टोकलं, "अगं, नवऱ्याला निदान अहो तरी म्हण."

वहिनी म्हणाली, "अहो म्हटलं तर ते वळूनसुद्धा बघत नाहीत."

तिने शेवटपर्यंत त्याला कधी अहो म्हटलं नाही. पुढे आम्ही सगळेच त्याला मिस्त्री म्हणायला लागलो.

वहिनीला जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. शेवटच्या दिवशी तिच्या घशात नळी होती. बोलता येत नव्हतं. पण तिला काहीतरी सांगायचं होतं. ती एक बोट चादरीवर आपटत होती. मिस्त्रीने कागद धरला, हातात पेन दिलं. पेन बोटांतून निसटलं.

सांगायचं ते राहूनच गेलं.

मिस्त्री तेवढं एकच घेऊन बसला होता. रंधा मारता मारता मध्येच थांबायचा. "काय म्हणायचं असेल रे तिला?"

वहिनीचा धाकटा भाऊ कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. मिस्त्रीचा मेहुणा. तो काम करायचा मिस्त्रीच्या घरी, पुढच्या खोलीत. कारण त्याने नवं काही केलं की वहिनी आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसून ते तपासायची. एका बोटाने टाइप करायची.

टक... टक... टक.

"ताई, तुझा निरोप येईपर्यंत माझं लग्न होऊन जाईल," तो चिडवायचा.

आतून उत्तर यायचं, "तुला मुलगी कोण देतंय? बस गप्प."

ती गेल्यावर तिचा कॉम्प्युटर मेहुण्याने विकून टाकला. आतल्या खोलीत फक्त रिकामं टेबल उरलं. मिस्त्रीने दाराला बाहेरून कडी घातली.

त्या रविवारी मेहुणा एका लाकडाच्या वखारीसाठी प्रोग्राम करत होता. तिथे मागे करवतीचं यंत्र चालतं. त्याच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. म्हणून पुढच्या टेबलावरून मागच्या शेडमध्ये निरोप जायला हवे होते. ते काम करणारी एक तयार लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामचा आयता तुकडा, त्याने शोधली होती. कोणा तिसऱ्यानेच लिहिलेली.

मिस्त्री चहा घेऊन शेजारी बसला. "म्हणजे परक्याचं काम आपल्या कामात घुसवायचं?"

"भावोजी, तुम्ही दार करता. बिजागऱ्या घरी ओतता का? बाजारातूनच आणता ना? तसंच हे. प्रोजेक्टमध्ये घातलं की झालं."

"बिजागरी मी आधी उघडून-मिटून बघतो."

"मग मी काय करतोय?"

तपासायला दोन नावं लागत होती. पहिलं त्याने स्वतःचं टाकलं. दुसऱ्याच्या वेळी हात सवयीने चालला.

'ताई'.

लिहिल्यावर त्याच्या लक्षात आलं. बोट खोडायच्या बटणावर गेलं, पण दाबवेना.

"राहू दे," मिस्त्री म्हणाला.

प्रोग्राम सुरू झाला. पडद्यावर दोन नावांची यादी आली. जो जोडलेला असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका यायचा होता. मेहुण्याच्या नावापुढे आला. दुसरं कोणी जोडलेलंच नव्हतं. पडद्यावरची दुसरी खिडकी त्याने अजून उघडलीच नव्हती.

आणि तरीही...

ताईच्या नावापुढे हिरवा ठिपका होता.

"हे काय?" मिस्त्रीने विचारलं.

"काही नाही. लायब्ररीत खोट असणार." त्याने इंटरनेट बंद केलं. वायर ओढून काढली.

ठिपका हलला नाही.

मग नावाखाली बारीक अक्षरं उमटली...

लिहीत आहे.

बाहेर गाडी धुणाऱ्याने नळ बंद केला. आणि त्या शांततेत, आतल्या खोलीतून...

टक.

टक... टक.

"उंदीर असेल," मेहुणा म्हणाला. "थांबा. ही लायब्ररीच काढतो."

त्याने फाइल उडवली. प्रोजेक्टमधून तिचं नाव काढलं. "आता प्रोग्राम तयारच होणार नाही. चुकाच चुका दाखवेल. बिजागरीशिवाय दार उभं राहील का?"

त्याने बटण दाबलं.

एकही चूक आली नाही.

पडद्यावर खिडकी उघडली. ताई. हिरवा ठिपका. लिहीत आहे.

मेहुणा उठला तो अनवाणीच बाहेर. अंगणातून म्हणाला, "भावोजी, तुम्ही पण या. ऐका माझं."

मिस्त्री उठला नाही. त्याने खुर्ची पुढे ओढली. राहून गेलेलं आता कळणार होतं.

"सांग," तो हळूच म्हणाला. "बसलोय मी."

आतला आवाज वाढला. टक टक. टकटकटक. आता ते एक बोट नव्हतं. दहाही बोटं चालत होती, भराभर. वहिनीला तसं कधीच जमलं नव्हतं.

मग आवाज थांबला.

पडद्यावर निरोप आला.

अहो, दार उघडा.

मिस्त्री उठला. पाय आपोआप चालले. हात कडीवर गेला. कडी अर्धी सरकली...

अहो?

हात तिथेच राहिला.

"मला काय हाक मारायचीस तू?" त्याने दाराला विचारलं.

आत काहीच हललं नाही. श्वाससुद्धा नाही. बराच वेळ गेला.

मग दाराच्या पलीकडून, बरोबर त्याच्या हाताच्या उंचीवर...

टक.

एकाच बोटाने. एकदाच.

मिस्त्रीने कडी परत लावली. हत्यारांची पेटी आणली आणि दारावर आडवी फळी मारली. चार लांब स्क्रू, पार आतपर्यंत पिळलेले. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा तो फळीसमोरच बसला होता. मेहुण्याने वखारीचं काम सोडलं. त्या घरात तो पुन्हा पाऊल टाकत नाही.

मी म्हटलं, "बरं झालं उघडलं नाहीस. ती वहिनी नव्हतीच."

मिस्त्रीने फळीवरून हात फिरवला.

"नळीने तिचा आवाज गेला होता," तो म्हणाला. "तसंच माझं नाव गेलं असेल तर? तिकडे गेल्यावर माणूस विसरत असेल, आणि 'अहो' एवढंच आठवत असेल, तर?"



मागच्या रविवारी त्याच्याकडे गेलो होतो. फळी दारावरच होती. खाली फरशीवर पेचकस पडला होता.

तीन स्क्रू काढलेले होते.

चौथा अर्धा बाहेर आला होता.