तीन मिलिमीटर

दुकानात शिरल्या शिरल्या तिनं कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, "चष्मा लवकरात लवकर कधी मिळेल हो?"

माणूस ढिम्म. तिनं आवाज चढवून पुन्हा विचारलं.

"तो नाही बोलायचा," पाठीमागून कुणीतरी म्हणालं. "तो माझा कोट आहे. मी इकडे आहे..."

ती गर्रकन वळली. कानापर्यंत लाल झाली असणार, पण समोरचा चेहरा तिला दिसत नसल्यामुळे लाजही निम्मीच वाटली.

तिनं मूठ उघडून दाखवली. मुठीत चष्म्याचे चार तुकडे होते.

"कसा मोडला?"

"बसले."

"कुठे?"

"त्याच्यावरच!"

तो खळखळून हसला. हसणं छान होतं. डोळ्यांना काही दिसेना की कान फार चोखंदळ होतात, तसं झालं असावं.

ती तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायची. नंबर उणे साडेपाच. वीतभरापलीकडचं सगळं जग पुसट. लेन्स घालून पाण्यात उतरायची, तर गेल्या वर्षी डोळ्याला असा काही जंतुसंसर्ग झाला की डॉक्टरांनी 'पाण्यात लेन्स नको' म्हणून हात जोडले. नंबरचा पोहण्याचा चष्मा वाफेनं भरायचा. परवा तलावाच्या दुसऱ्या टोकाला एक पोर गटांगळ्या खात होतं आणि तिला ते कळलंच नाही! दुसऱ्या मास्तरांनी उडी मारली म्हणून निभावलं. त्याच संध्याकाळी तिनं लेसरच्या ऑपरेशनची तारीख घेतली. आधीचे चौदा दिवस लेन्स बंद, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि पहिल्याच दिवशी बाईसाहेब चष्म्यावर बसल्या.

"चौदा दिवसांपुरताच हवाय," ती म्हणाली. "कसाही चालेल."

"माझ्या दुकानातून कसाही चष्मा जात नाही," तो म्हणाला. आवाजात जरा ऐट होती.

त्यानं एक फ्रेम तिच्या नाकावर चढवली. आरशात तिला फक्त एक गुलाबी ढग दिसला.

"कशी दिसते?"

"फ्रेम ना?... बरी आहे."

"आणि ही?"

त्यानं ती काढून पुन्हा एकदा चढवली, काड्या सरळ केल्या. "ही घ्या," म्हणाला शेवटी. बस, एवढंच. पण ज्या तऱ्हेनं म्हणाला, ते ऐकून ती किंमत विचारायचीच विसरली.

मग माप. नाकावर पट्टी धरून दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं.

"माझ्या मागच्या भिंतीवर घड्याळ आहे. त्याच्याकडे बघा... हलू नका."

तो वाकून जवळ आला. पट्टीवरच्या बारीक रेषा वाचायला त्यालाही चष्मा लागत होता. आणि पुसट ढगातून एक चेहरा हळूहळू वर आला. उजव्या भुवईत जुना व्रण, पापण्या मुलीला शोभतील अशा लांब.

"एकोणसाठ," तो म्हणाला आणि कार्डावर लिहिलं.

तिसऱ्या दिवशी चष्मा मिळाला. चौथ्या दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं.

ती दुकानात गेली. त्यानं काचा तपासल्या, कार्डाशी ताडून पाहिल्या. "सगळं बरोबर आहे. बारा वर्षांत माझं माप चुकलेलं नाही." मग कानामागची काडी गरम करून थोडी वाकवली. त्याची बोटं कानाला लागली, तेव्हा डोकं खरंच दुखायचं थांबलं. घरी पोचेपर्यंत पुन्हा सुरू!

ती परत गेली. आणि परत. आज नाकावरची पकड, उद्या स्क्रू. मधल्या वेळात गप्पा. त्याला पोहता येत नव्हतं, हे कळल्यावर तिनं हसून हसून पाणी मागितलं.

"चौदा दिवसांच्या चष्म्यासाठी सहा फेऱ्या?" आत्यानं विचारलं. ती आत्याकडेच लहानाची मोठी झाली होती, त्यामुळे लपवण्यात काही अर्थ नव्हता. "डोकं दुखतंय की दुसरंच काही?"

"आत्या, गप्प बस ना गं!"

पण मनातून ती धास्तावली होती. नंबर गेला की चष्मा गेला, आणि चष्मा गेला की दुकानात जायचं निमित्त गेलं. तिनं तलावासाठी ऑपरेशन ठरवलं होतं, ते ती करणारच होती. पण त्यानं एक शब्द तरी बोलावा... शेवटच्या दिवशी ती मुद्दाम रेंगाळली. तो त्याच त्याच काचेवरून चौथ्यांदा फडकं फिरवत होता.

"आता माझ्या दुकानाची गरज नाही तुम्हाला," तो म्हणाला.

"हो ना."

"डोळ्यांची काळजी घ्या. आणि... नंबर किती उरला ते कळेल का? फाईल घेऊन आलात तर..."

एवढंच. असा राग आला तिला! आणि इतकं बरंही वाटलं.

ऑपरेशनच्या टेबलावर डोळ्यात गार थेंब पडले. डॉक्टर म्हणाले, "हिरव्या ठिपक्याकडे बघत राहा." जळक्या केसांसारखा वास आला आणि ती घाबरली, अगदी हातपाय गार पडेपर्यंत. एकेका डोळ्याला जेमतेम काही सेकंद. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंथरुणातूनच समोर कपाटाला टांगलेल्या किल्लीचे दात मोजले आणि आत्याला मिठी मारून रडायला लागली.

"रडू नकोस, थेंब वाहून जातील!" आत्या ओरडली. तीही रडतच होती.

आठवड्यानं फाईल घेऊन ती दुकानात गेली. दारातूनच तिला सगळं दिसलं. कोट, भिंतीवरचं घड्याळ, त्याचा मिनिटकाटा. आणि तो.

"शून्य," ती म्हणाली. "दोन्ही डोळे."

"वा!" तो हसला, पण ओठांनीच. फाईल चाळता चाळता एका कागदावर त्याची नजर अडकली. यंत्रानं घेतलेली मापं होती ती. त्यानं खण उघडून तिचं कार्ड काढलं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि त्याचा चेहरा उतरला.

"बासष्ट... मी एकोणसाठ लिहिलंय. तीन मिलिमीटर! म्हणून दुखत होतं डोकं. मी तपासत काय होतो, तर माझीच चूक कार्डाशी... माफ करा, असं कधी—"

तो मध्येच थांबला. त्यानं हळूच मान वर केली.

"त्या दिवशी तुम्ही घड्याळाकडे बघत होता ना?"

तिनं फाईल आपल्याकडे ओढून घेतली.

"नाही, म्हणजे... लांब बघितलं की बुबुळं सरळ असतात. जवळचं काही बघितलं की आत वळतात. दोन-तीन मिलिमीटर." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "वीतभरावर तर... मीच होतो."

"घड्याळ दिसतच नव्हतं मला," ती म्हणाली. "जे दिसत होतं ते बघितलं."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. त्यानं पट्टी उचलली.

"पुन्हा माप घेऊ?"

"आता कशाला? चष्मा तर सुटला."

"मला घ्यायचंय," तो म्हणाला. "तुम्ही रोज यावं असं वाटतं मला. डोकं न दुखतासुद्धा."

तिनं मान पुढे केली. तो वाकला, पट्टी नाकावर टेकली.

"घड्याळाकडे बघा."

"बघतेय," ती म्हणाली. घड्याळ आता लख्ख दिसत होतं. "किती आलं?"

त्यानं पट्टी नीट वाचली. मग हसला, या वेळी डोळ्यांनीही.

"एकोणसाठ."