आतड्याच्या भिंतीला भगदाड

"न धुतलेल्या हातांनी पाला घालतेस, म्हणून मेल्या सगळ्या! उद्यापासून येऊ नकोस!" काका ओरडले.

दहा वर्षं त्यांच्या रेशमाच्या अळ्यांना तुतीचा पाला भरवणारी कामवाली मावशी हातातला पाला खाली ठेवून उठली. तिने चपला घातल्या आणि ती निघून गेली. मागे ट्रेमध्ये हजारो अळ्या मऊ पडल्या होत्या.

"साफ खोटं!" सुट्टीला आलेली ताई उसळली. "मावशी दिवसातून वीसदा हात धुते!"

"आणि माझ्या खोक्यातल्या वीस अळ्या ठणठणीत आहेत," तिचा धाकटा भाऊ ढापण्या चष्मा सावरत म्हणाला. "त्यांनाही मावशीनेच तोडलेला पाला असतो."

"मग फरक काय?"

"मी पाला ओल्या फडक्याने पुसतो. काका त्यावर पंपाने पाणी मारतात."

दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. पंप! काका परसातल्या कोबीवर अळ्या मारायचं औषध फवारत, तोच पंप!

ताईने दहा अळ्यांना पंपातल्या पाण्याने भिजवलेला पाला घातला, दहांना नळाच्या.

"माझ्या अळ्या मारायच्या?" ढापण्या रडवेला झाला.

"नाहीतर मावशीवरचा आळ कसा जाणार?" ताई म्हणाली. तिलाही ते मुळीच आवडलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत पंपवाल्या दहाजणींनी खाणं सोडलं; नळवाल्या मात्र खात होत्या.

आत्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने दोन्हीकडची एकेक अळी नेली. तिसऱ्या दिवशी मुलांना तिथे बोलावून तिने आतड्याचे रंगवलेले पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले.

"ही निरोगी. आतड्याची भिंत म्हणजे पेशींची एकच रांग."

"उंच उंच पेशी! आणि वर ब्रशसारखे केस!" ढापण्या ओरडला.

"त्यातूनच अन्न शोषलं जातं. मधेमधे त्या सुरईसारख्या पोकळ पेशी आहेत ना? त्या आतड्यातल्या रसाचा तोल राखतात. आता दुसरी बघ."

ढापण्याने पुन्हा भिंगाला डोळा लावला. उंच पेशी फुगून फुटल्या होत्या, ब्रश झडला होता, रांगेत भगदाडं पडली होती.

"कोबीवरच्या औषधात जंतूंचं विष असतं," आत्या म्हणाली. "ते त्या ब्रशला चिकटतं आणि पेशींना भोकं पाडतं. कोबीची अळी काय नि रेशमाची काय, त्याला सारखीच."

घरी येताच ताई लाडात म्हणाली, "काका, आमच्याही पाल्यावर पंप मारा ना! कोबीनंतर धुतलाय ना?"

"अगं, विसळलाय की एकदा! ते औषध माणूस प्यायला तरी..." काका बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा पडला.

मग सोबत आलेल्या आत्याने सगळं सांगितलं. काका ओशाळले, पण घटकाभरच. "शाब्बास! पोरं शास्त्रज्ञ निघाली!" ते शेजाऱ्यांना हाका मारून सांगू लागले.

"आणि मावशी?" ताईने विचारलं.

"सांगा तिला, उद्यापासून ये म्हणावं."

मुलं धावतच मावशीच्या घरी गेली. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, दोघांना पाणी दिलं.

"ते स्वतः नाही आले?"

"नाही," ढापण्या पुटपुटला.

"दहा वर्षं माझे हात बघितले त्यांनी. तरी खात्री पटायला अळीचं आतडं फाडावं लागलं." तिने ढापण्याच्या केसांवरून हात फिरवला. "तुम्ही गुणी आहात रे. पण मी नाही यायची."

घरी काका शेजाऱ्यांना नवा पंप दाखवत होते. "ही बघा आमची हुशार पोरगी!" त्यांनी ताईच्या पाठीवर थाप मारली. ताईला त्या कौतुकाची किळस आली. ती बाजूला झाली आणि रिकामे ट्रे घासायला बसली.