पुढचा डावा पाटा

खळ्यावरची शेकोटी विझत आली होती. ज्वारीच्या कणसांवर दव धरू लागलं होतं. राखणीला आलेली पोरंपोरी घोंगड्यांत शिरून बसली होती आणि निवृत्तीबाबा काटकीने निखारे उकरत होते.

"सहदेव म्हणजे माह्या साडूचा भाऊ," बाबा म्हणाले. "खोटं बोलणारा माणूस नाई. घोटभर चहा पेला तरी घरी येऊन सांगे, पेलो म्हणून. त्याच्या तोंडून ऐकलं ते सांगतो. मधात कोणी हसाचं नाई."

कोणी हसलं नाही. प्रतिमाने घोंगडं हनुवटीपर्यंत ओढलं.

गोष्ट त्रेसष्ट सालची. पौष महिना, अमावस्येची आदली रात्र, वार गुरुवार. सहदेव सोनाळ्याच्या हिंमतरावांच्या जीपवर ड्रायव्हर होता. हिंमतरावांकडे कपाशीची जमीन बक्कळ होती आणि लष्कराच्या लिलावातून आणलेली ती जीप होती. जीप म्हातारी, पण इंजिन दणकट. खोट होती ती पुढे. पुढच्या आसावर दोन्ही अंगांना लोखंडी पाट्यांची कमान असते. एकावर एक पाटे रचलेले असतात आणि खड्ड्याचा सगळा दणका तेच सोसतात. डाव्या कमानीचा मुख्य पाटा दिवाळीपासून चिरलेला होता. चाक आत कललं होतं. टायर एका कडेने झिजून त्यातले दोरे दिसत होते. स्टिअरिंग जरा सैल सोडलं, की गाडी डावीकडे पळायची, गोठ्याकडे निघालेल्या गायीसारखी.

सहदेवने सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं.

"मालक, तो पाटा कोणत्याही टायमाले जाईल. मानसांसुद्धा नाल्यात जाऊ एखाद दिवस."

"चालून राह्यली ना बे गाडी?"

"चालून तं राह्यली, पण…"

"मंग चालव. तू ड्रायव्हर हायेस का वैद्य?"

एवढं म्हणून हिंमतराव पचकन थुंकले. बसल्या जागेवरून, दाराबाहेर. निम्मं बाहेर पडायचं, निम्मं दारावर. पानाच्या त्या लाल ओघळांचे थरावर थर दाराच्या आतून सुकून बसले होते. रोज सकाळी सहदेव नाक दाबून ते पत्र्याच्या तुकड्याने खरवडायचा आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा तसेच. त्याला त्या गाडीची शिसारी आली होती. गाडीचा काय दोष म्हणा. शिसारी माणसाची होती, पण ती बोलून दाखवायची सोय नव्हती.

त्या दिवशी नांदुऱ्याला जायचं होतं. हिंमतरावांची लेक सुलभा अकोल्याहून माहेरी येत होती. बाळंतपण सासरी झालेलं, लेकरू सव्वा महिन्याचं. दीर अकोल्याला रेल्वेत बसवून देणार आणि जीपने नांदुऱ्याहून आणायचं, असं ठरलं होतं. अमावस्येच्या तोंडावर तान्हं लेकरू आणू नये, असं घरातल्या बायका म्हणाल्या. पण पुढचे दोन दिवस हिंमतरावांना जीप बाजारासाठी हवी होती. बायकांचं कोण ऐकतं.

दिवस कलता झाला तेव्हा सहदेव निघाला. गाव मागे पडलं आणि विसाव्याचा फाटा आला. तिथे रस्त्याच्या कडेला दगडी ओटा आहे. सोनाळ्याची प्रेतयात्रा तिथवर येते, तिरडी त्या ओट्यावर टेकवतात, खांदेकरी पुढचे मागे होतात, मागचे पुढे होतात आणि मग उजव्या हाताच्या पायवाटेने नाल्याकाठच्या मसणात जातात. त्या ओट्यासमोरच एक खड्डा होता. सहदेवला तो पाठ होता. तरी चाक डावीकडे ओढलं गेलं आणि कडाड करून आवाज झाला.

पाटा गेला होता. आस मागे सरकला होता आणि टायर मडगार्डला घासत होतं.

घर जवळ होतं. पण घरी दुसरी गाडी नव्हती आणि बैलगाडीने नांदुरा गाठायचं म्हणजे उजाडलं असतं. तोवर ती बाई तान्ह्या लेकराला घेऊन थंडीत फलाटावर बसली असती. तुटल्या पाट्याला लाकडाची जोड देऊन करकचून बांधलं, तर रात्रभर निभेल, हे त्याला माहीत होतं. त्याने लाकूड शोधलं. बाभळीची फांदी वाकडी निघाली. पऱ्हाट्या पायाखाली मोडल्या.

मग त्याने नाल्याकडे पाहिलं. सरण जळून खाली बसलं होतं. माणसं गेली होती. बाजूला दोन बांबू पडले होते. हिरवे, सरळ, हाताएवढे जाड.

तिरडीचा बांबू कोणी परत आणत नाही. पोरं त्याची विटीसुद्धा करत नाहीत. सहदेव जरा वेळ उभा राहिला. फलाट डोळ्यांपुढे आला. मग तो गेला आणि त्याने बांबू उचलले.

बांबूला गुलाल लागला होता. झेंडूची एक पाकळी चिकटली होती. सुतळी ओली होती आणि बोटांना चिकटत होती. कशाने ओली होती याचा विचार त्याने केला नाही. कोयत्याने बांबू तोडले, दुभंगले, पाट्याच्या वरखाली धरले आणि त्याच सुतळीने बांधले. दुसरी होती कुठे? बांधताना एक गाठ दाताने ओढावी लागली. तेव्हा तो रस्त्याच्या कडेला जाऊन ओकला.

नाल्यात त्याने माती लावून हात धुतले. मग राख लावून धुतले. वास गेला नाही.

नांदुऱ्याला पोचला तेव्हा रेल्वे अजून यायची होती. स्टेशनाबाहेर भजी तळत होते. सहदेवने पुडा घेतला, तोंडाजवळ नेला आणि तसाच कुत्र्याला टाकला.

सुलभा उतरली. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू.

"सहदेवदादा, धरा बरं याले. मी ट्रंक घेतो."

सहदेवने हात मागे घेतले. "ट्रंक मी घेतो, ताई. लेकरू तुमच्यापाशीच असू द्या."

"काऊन हो? एवढ्याशा लेकराचं भेव वाटते का मामाले?"

त्याने ट्रंक मागे टाकली. मागे बसा, असं तो सांगणार होता. पण मागच्या बाकावर हिंमतरावांची सरकीची पोती भरलेली होती. सुलभा पुढेच बसली. डावीकडे. बरोबर त्या बांबूवर.

रस्ता सुरू झाला आणि गाडी नेहमीसारखीच दणके देत राहिली. सहदेवला त्या दणक्यांनी बरं वाटत होतं. बांबू धरून होता. तो मनात म्हणत होता, फक्त घरापर्यंत. मग सोडतो, जाळतो, हातावर रॉकेल ओततो.

संग्रामपूर मागे पडलं. काही वेळाने सुलभा म्हणाली, "दादा, बाबानं गाडी दुरुस्त केली का? मागच्या टायमाले माह्ये दात हालले होते. आता पाहा, कशी झोका देऊन राह्यली. लेकरू झोपलं."

सहदेवच्याही ते ध्यानात आलं होतं. खड्डे दिसत होते. लागत नव्हते.

पुढची बाजू हलत होती, पण खड्ड्याने नव्हे. जरा डावीकडे. जरा उजवीकडे. पुन्हा डावीकडे. सावकाश, एका ठेक्यात. त्याने अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन ओरडलं. गाडीचा वेग वाढला नाही. माणूस चालतो तेवढाच वेग. ओझं घेऊन चालतो तेवढाच.

सहदेवने आयुष्यात अनेकांना खांदा दिला होता. बापाला दिला होता. तो ठेका त्याच्या अंगात होता. त्याला ओळखायला वेळ लागला नाही.

मध्येच डावी बाजू उचलली गेली. थांबली. अलगद खाली आली.

खांदा बदलला होता.

"दादा, गप काऊन झाले?"

"काई नाई, ताई."

"घामेजले तुम्ही. एवढ्या थंडीत."



त्याने स्टिअरिंग सोडून पाहिलं. गाडी डावीकडे ओढली गेली नाही. सरळ चालत राहिली. आपली आपण.

विसाव्याचा फाटा आला. दिव्यात ओटा दिसला, पांढरा. त्याने ब्रेक लावला नाही. तरी गाडी ओट्यासमोर थांबली. मग पुढची बाजू खाली आली. हळूच. आधी उजवी. मग डावी.

टेकवली.

इंजिन बंद पडलं.

सहदेव बॅटरी घेऊन उतरला. मागे वळणावर उजेड टाकला. वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, हे ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. धुळीत चार रेघा हव्या होत्या.

दोनच होत्या. मागच्या चाकांच्या.

पुढच्या चाकांची धूळ जशीच्या तशी. आणि तिच्या बाहेरून, एकेका अंगाला पावलं…

त्याने बॅटरी विझवली.

विसावा किती वेळ असतो? श्वास घेण्यापुरता. खांदेकरी जागा बदलतात, तेवढाच. मग उचलतात आणि पायवाटेला वळतात. नाल्याकडे.

तो सुलभाच्या बाजूला गेला.

"ताई, उतरा."

"घर आलं?"

"उतरा. लेकरू पदराखाली घ्या."

"अहो पण ट्रंक…"

"राहू द्या."

"दादा, झालं काय?"

"…चला. मागं पाहू नका."

सुलभाने त्याचा आवाज ऐकला आणि ती खाली उतरली. दोघं गावाच्या दिशेने चालू लागली. किल्ली सहदेवच्या मुठीत होती. थोडं पुढे गेल्यावर मागून आवाज आला. इंजिनाचा नाही. करकर. सुतळीची गाठ ओझ्याने ताणली जाते, तशी करकर.

उचललं होतं.

त्याने पाऊल उचललं. सुलभाही धावू लागली. लेकरू रडत नव्हतं. एवढी धावपळ, एवढी थंडी, तरी रडत नव्हतं.

"ताई."

"काय?"

"लेकराचा श्वास पाहा."

ती थांबली. पदर बाजूला केला. गाल त्याच्या नाकाशी नेला. सहदेवचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्या हाताने त्याला लेकराला शिवायचं नव्हतं.

काहीच ऐकू येत नव्हतं. करकरही नाही.

"…हाय," ती म्हणाली. "चालू हाय." आणि तिथेच रडू लागली.

घरी पोचले तेव्हा हिंमतराव कंदील घेऊन बाहेर आले. लेक दारात थरथरत उभी होती. नातू तिच्या छातीशी. हिंमतरावांनी कंदील उंच केला, दोघांच्या मागे पाहिलं आणि म्हणाले, "गाडी कुठं हाय बे?"

सहदेवने किल्ली दिली. काय बांधलं होतं तेही सांगितलं. सगळं सांगितलं. हिंमतराव ऐकत होते की नाही कोण जाणे. सुलभाची आई लेकराला घेऊन आत गेली आणि आतून लेकराचं रडं ऐकू आलं. चांगलं खणखणीत. सहदेव म्हणे, तसं गोड रडं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. तो ओसरीखाली पडून राहिला. झोप लागली नाही.

सकाळी जीप सापडली मसणात. कालच्या सरणाच्या राखेवर, बरोबर मधोमध. पुढचा आस जमिनीला टेकलेला. पाटा उघडा, तुटलेला. बांबू नव्हता. सुतळीचा धागासुद्धा नव्हता. बैल जुंपून जीप ओढून आणली. चाकांना राख लागली होती, राखेत आणखी काहीबाही होतं. गडी तोंड फिरवून चालत होते.

हिंमतराव गाडीला फेरी मारून आले. खाली वाकून पाहिलं. मग दारावर पचकन थुंकून म्हणाले, "टिकला होता ना चांगला? मंग तो बांबू काढून फेकला काऊन?"

सहदेवने त्या ओघळाकडे पाहिलं. तो दारावरून खाली येत होता, चाकाच्या राखेवर. रात्री ज्याने सहदेवला पळवलं, त्याची त्याला अशी किळस वाटली नव्हती. त्याने पागोटं उचललं आणि तो फाटकाकडे निघाला. पुन्हा त्याने कोणाची गाडी हाती धरली नाही.

बाबा थांबले. निखारा एकच उरला होता.

"फाटकापाशी एक रांजण होता," ते सावकाश म्हणाले. "मसणातून आलं, की आपण काय करतो? पायावर पाणी घेतो. कडुलिंबाचा पाला दातांखाली धरतो, थुंकतो, मंगच घरात पाय ठेवतो. त्या दिवशी त्या घरातलं कोणी मसणात गेलं नव्हतं. जीप आणाले गडी गेले, ते मागच्या दारानं आले."

"मग?" कोणीतरी विचारलं.

"रांजणाखालचा दगड ओला होता. अन् दगडावर चावून थुंकलेला पाला. हिरवागार. दोन जागी."

 मग प्रतिमा, जी सबंध गोष्टीत एकदाही बोलली नव्हती, हळूच म्हणाली, "दोनच, बाबा? तिरडीले तं चार जण लागतात."

बाबांनी काटकी राखेत खुपसली.

"मागचे पाटे शाबूत होते, बाई."