बिल्ला, वय अंदाजे ऐंशी

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या डाव्या बाजूला पोट बिघडलेली मांजर होती, उजव्या बाजूला डोळ्यांवर टोपी चढवलेला ससाणा होता, आणि मांडीवर स्टीलचा डबा होता. तिघांत सगळ्यात घाबरलेला तोच दिसत होता.

मी स्टेफी. इथे आखातात, मदिनत खलीफातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात एक्स-रे काढते.

"पेशंट किधर है?" मी विचारलं.

त्याने डबा उघडला. आत पोळ्यांच्या जागी टिश्यूवर मातीचं एक ढेकूळ, तळहाताएवढं, मीठ आणि वाळू चढून दगड झालेलं. एका टोकाला पितळ चमकत होतं.

"घ्या, माणसांच्या दोन दवाखान्यांनी हाकललं, आता ही पण हाकलणार," तो स्वतःशीच पुटपुटला. मराठीत.

"हाकलणार नाही," मी मराठीत म्हणाले. "पण फॉर्म भरावा लागेल."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मिशी मात्र जागची हलली नाही. भरघोस, पोलीस खात्याला शोभेल अशी मिशी होती; तिच्यामागचा माणूस अगदीच साधा होता.

फॉर्म मीच भरला. पेशंटचं नाव: अज्ञात. वय: अंदाजे ऐंशी. तक्रार: बोलत नाही.

त्याचं नाव गुरुप्रसाद. नाशिकचा. इमारत उठवण्याआधी जमीन तपासायची, हे त्याचं काम. मदिनत अश शमालच्या पुढे, समुद्राजवळच्या प्लॉटवर खड्डा घेताना हातभर खोलीवर हे ढेकूळ निघालं.

"पोलिसांनी पाहिलं, धोक्याचं नाही म्हणून परत दिलं," तो म्हणाला. "पण आमच्या साहेबांना त्यात मुकुट दिसला. मुकुट म्हणजे मिलिटरीचा बिल्ला. बिल्ला म्हणजे इथे कधीतरी कॅम्प. कॅम्प म्हणजे खाली आणखी काय काय पुरलेलं असेल. काम बंद! रविवारी सकाळपर्यंत हे काय आहे आणि तिथे कसं आलं, ते लेखी द्यायचं. नाहीतर अख्ख्या प्लॉटचा सर्व्हे, सहा महिने, आणि टीम घरी. म्हणजे मी नाशिकला."

"नाशिक वाईट आहे का?"

"छान आहे. द्राक्षं असतात."

ससाण्याचा नंबर आधी होता, पण तो बेशुद्ध व्हायला वेळ घेत होता. तेवढ्यात मी ढेकूळ टेबलावर ठेवलं. "श्वास रोखा," सवयीने म्हणाले. गुरुप्रसादने रोखला.

पडद्यावर चित्र उमटलं. वर मुकुट. खाली बाहेर वळलेल्या दोन शिंगांसारखं काहीतरी, मधे उभ्या रेघा. आणि मुकुटाच्या दोन बाजूंना दोन भोकं, वेडीवाकडी.

"बैल," तो म्हणाला.

"खेकडा."

"सैन्यात खेकडा कशाला असेल?"

"मुकुट घातलेला बैल असतो?"

तो माझ्याकडे बघून हसला. मिशीखाली चांगले दात होते. हे मी केवळ व्यावसायिक दृष्टीने नोंदवलं...

मग आम्ही रोज संध्याकाळी भेटू लागलो, अर्थात बिल्ल्यासाठी. त्याच्या गाडीत, करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचे कागदी कप हातात, फोनवर जगभरच्या पलटणींचे बिल्ले. वाघ पाहिले, हत्ती पाहिले, एक रागावलेलं बदकही पाहिलं. आमचा बैल कुठेच नव्हता. बुधवारी पाऊस आला. काचेवर अकरा थेंब. मी मोजले. गुरुप्रसादने आदराने वायपर लावला.

"नाशिकला द्राक्षं असतात ना?" मी बाहेर बघत विचारलं.

"असतात," तो म्हणाला. "पण..."

वायपर कोरड्या काचेवर किंचाळत राहिला. दोघांनाही तो बंद करायचं सुचलं नाही.

शेवटी मी म्हणाले, "शुक्रवारी घरी जेवायला ये." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते तोंडातून निघून गेल्यावर कळलं. "डॅडी तेल कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहेत. अठ्ठावीस वर्षांत एक कागद हरवलेला नाही. त्यांना काही सुचेल."

शुक्रवारी चर्चमधली मास आटोपून आम्ही अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटवर आलो, मागोमाग गुरुप्रसादही आला. मम्मीने मटण केलं होतं. डॅडींनी, म्हणजे सबॅस्टियन साहेबांनी, गुरुप्रसादला आधी मिशीपासून बुटापर्यंत आणि मग बुटापासून मिशीपर्यंत तपासलं.

"मिस्टर गुरुप्रसाद, तुमचं कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं?"

"रविवारपर्यंतचं, अंकल."

"बरं," डॅडी म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं स्पष्ट दिसलं.

मी एक्स-रेची फिल्म त्यांच्यापुढे धरली आणि जागा सांगितली. डॅडींचा चमचा रश्श्यात पडला. चमचा बुडेपर्यंत ते बघत राहिले.

"कचरा आहे," ते म्हणाले. "टाकून द्या. यल्ला, चला, जेवा."

डॅडी कचऱ्याच्या पिशवीवरसुद्धा तारीख घालतात. "टाकून द्या" हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

इतक्यात गिरीजहून आजोबांचा व्हिडिओ कॉल आला. दर शुक्रवारी येतो. आजोबा चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत आणि आमच्या वसईत लग्नांत वाजणाऱ्या बँडचे एके काळचे मास्तर. गावातली निम्मी लग्नं त्यांनी वाजवून दिली, आणि टिकली नाहीत ती आपल्या कॉर्नेटवर वाजलेली नव्हती, असं ते सांगतात. मी फिल्म खिडकीशी धरली. "आजोबा, हे काय असेल?"

आजोबांचा कान स्क्रीनवर आला, मग डोळा.

"अगं, हा माझ्या कोटाचा बिल्ला!"

त्यांनी फोन आणखी जवळ घेतला.

"पलटणीच्या बँडचा बिल्ला हा. बंदूकवाल्यांना वाघ-सिंह, वाजवणाऱ्यांना ही इंग्रजी वीणा, दोन शिंगांमधे तारा ताणलेली. चोर बाजारातून मिलिटरीचा जुना कोट आणला होता, त्यावर होता. टाके बसेनात म्हणून ती दोन भोकं मीच पाडली, नाल ठोकायच्या खिळ्याने. पण सबू... हा तर विमानात तुझ्या शेजारच्या मिशीवाल्याने चोरला होता ना?"

मग कॅमेऱ्यात गुरुप्रसाद आला.

"हाच का तो?" आजोबा कडाडले. "अठ्ठावीस वर्षं तुला सद्बुद्धी मिळावी म्हणून रोज एक 'आमच्या स्वर्गीय बापा' म्हणतोय मी!"

"थँक यू, आजोबा," गुरुप्रसाद उभा राहून म्हणाला. दुसरं काय म्हणणार? तेव्हा तो दोन वर्षांचा होता.

"सबॅस्टियन," मम्मी शांतपणे म्हणाली, "तू सांगतोस, का मी सांगू?"

डॅडी रश्श्यात चमचा शोधू लागले. मम्मीने सांगितलं. डॅडी इथे नवीन होते. नाताळच्या कार्यक्रमासाठी आजोबांचा कोट मागून आणला होता. चर्चच्या मंडळींची पिकनिक गेली शमालच्या किनाऱ्यावर. हे गृहस्थ भर दुपारी तो लोकरी मिलिटरी कोट चढवून वाळूत गुडघ्यावर बसले आणि मम्मीला म्हणाले, डॉली, माझ्याशी लग्न करशील?

"घामाच्या धारा! मला वाटलं, हार्ट अटॅक आलाय याला. म्हटलं, हो करते बाबा, पण आधी तो कोट काढ! याने असा काय ओढून काढला... बटणं एकीकडे, बिल्ला दुसरीकडे. अंधार पडेपर्यंत शोधला सगळ्यांनी."

"पप्पांना काय तोंड दाखवणार होतो मी?" डॅडी भिंतीला म्हणाले.

मी गुरुप्रसादकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. कॅम्प नव्हता. खाली काही पुरलेलं नव्हतं. फक्त हे लेखी हवं होतं.

"डॅडी, हे लिहून द्या."

"याच्या कंपनीच्या रेकॉर्डला? सबॅस्टियनने वस्तू हरवली, म्हणून?" डॅडींचा आवाज चिरकला. "कायमचं राहील ते, स्टेफी! आणि का म्हणून? हा इथे राहिला काय, नाशिकला गेला काय, तुला काय फरक पडतो?"

माझ्या हातात मटणाचं पातेलं होतं. अशा वेळी हातात फूल वगैरे हवं.

"पडतो," मी म्हणाले.

गुरुप्रसादच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल. आजोबांनी स्क्रीनवरून विचारलं, "काय म्हणाली? काय पडलं?"

डॅडींनी माझ्याकडे पाहिलं. मग मम्मीकडे. मग बराच वेळ त्या फिल्मकडे, जणू त्या वेड्यावाकड्या भोकांतून त्यांना तो किनारा दिसत होता. शेवटी ते उठले आणि लॅपटॉप घेऊन बसले.

पत्राची पहिली आवृत्ती चार वाजता तयार झाली. मम्मीने त्यात घामाच्या धारा घालायला लावल्या, ती दुसरी. आजोबांनी खिळ्याचा उल्लेख हवाच म्हणून हट्ट धरला, ती तिसरी. खाली सही, तारीख, साक्षीदार: डॉली. सोबत पुरावा म्हणून आजोबांचा जुना फोटो: कॉर्नेट, कोट, छातीवर बिल्ला, दोन्ही भोकांत लाल दोरा.

रविवारी दहा वाजता गुरुप्रसादचा मेसेज आला. "काम चालू. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, आणि मग बायकोला फोन लावला."

डॅडी त्या दिवशी आजोबांशी तासभर बोलले. शेवटी आजोबांनी विचारलं म्हणे, मी त्या मिशीवाल्यासाठी दहा हजार वेळा प्रार्थना केली, तो मिशीवाला नव्हताच, तर आता ती कुणाच्या खात्यावर जाणार?

मंगळवारी गुरुप्रसाद दवाखान्यात आला. पुन्हा मांजर आणि ससाण्याच्या मधे बसला. डबा उघडला, आत घासून लखलखीत झालेला बिल्ला. आणि या वेळी फॉर्म त्याने स्वतः भरून आणला होता.

पेशंटचं नाव: गुरुप्रसाद. वय: तीस. तक्रार: बोलत नाही.

"कधीपासून?" मी शक्य तितक्या गंभीरपणे विचारलं.

"बुधवारपासून. अकरा थेंब पडले तेव्हापासून."

"श्वास रोखा."

त्याने रोखला.

"आता सोडा. आणि बोला."

"स्टेफी," तो एका दमात म्हणाला, "मला तू आवडतेस, आणि नाशिकची द्राक्षं आपण सुट्टीत जाऊन खाऊ, दोघं, तुझ्या डॅडींची लेखी परवानगी घेऊन..."

मी फॉर्मवर 'बरा झाला' असं लिहिलं आणि त्याचा हात धरला. मांजरीने तोंड फिरवलं. ससाण्याच्या डोळ्यांवर टोपी होती, पण मान पूर्ण आमच्याकडे वळलेली होती.

"मिशी काढू का?" गुरुप्रसादने हळूच विचारलं. "आजोबांना उगाच..."

"खबरदार," मी म्हणाले. "दहा हजार प्रार्थना आहेत तिच्यावर."